राबाचा वाद आणि अबोल शहाणपण

राब भाजावा की भाजू नये, हा प्रश्न आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत दर वर्षी फाल्गुन-चैत्राच्या सुमारास नव्याने उपस्थित होतो, आणि दर वर्षी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने त्याचा निकाल लागतो. एक पक्ष म्हणतो की राब हा रानटी व नासाडीचा प्रकार आहे, तो कायद्याने बंद करावा. दुसरा पक्ष म्हणतो की वाडवडिलांनी घालून दिलेली वहिवाट मोडणे हे पाप आहे. दोन्ही पक्ष एकमेकांच्या वरताण ओरडतात. आणि ज्याने चाळीस-पन्नास वर्षे स्वतःच्या हाताने राब रचला व त्यावरचे रोप स्वतःच्या हाताने उपटले, असा वाडीवरचा म्हातारा सभेच्या मागील रांगेत डोकीचे मुंडासे मांडीवर घेऊन मुकाट बसलेला असतो. त्यास कोणी विचारीत नाही, आणि विचारल्यावाचून बोलण्याची त्याची चाल नाही. या लेखात आम्हांस राबाविषयी लिहावयाचे आहेच. परंतु त्याहूनही अधिक, या मागील रांगेविषयी लिहावयाचे आहे.

राब म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि पुढील विचारास आधार म्हणून त्याची रचना एकदा डोळ्यांसमोर आणू. भाताच्या एक एकर आवणीस सुमारे चार गुंठे रोपाची जागा लागते. त्या जागेवर आधी शेण व गोठ्यातील केर पसरावयाचा, त्यावर ऐन-किंजळीचे टहाळ, त्यावर गवत व पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर. मग वारा पाहावयाचा, आणि ज्या अंगास वारा जातो त्या अंगाने विस्तव लावावयाचा, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकत येते. नवशिका मनुष्य वाऱ्याच्या पाठीने विस्तव लावतो. ज्वाळा उंच उठतात, मोठा भडका दिसतो, घटकाभरात सारे जळून जाते, आणि खाली जमीन जवळजवळ थंडच राहते. जाणत्याचा राब मात्र धुमसत राहतो, ज्वाळा म्हणून फारशी दिसतच नाही, पण त्याची धग जमिनीच्या आत उतरते. वरचा मातीचा थर याचकरिता. पहिला पाऊस पडला की तेथे हलकी नांगरट करून बी टाकावयाचे, आणि तीन-चार आठवड्यांत आवणीजोगे रोप हाती यावयाचे.

आमच्या भागात राबाची गरज का पडली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. येथे पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो, आणि तो चार महिन्यांत, त्यातही बहुतेक आषाढ-श्रावणांत. मृगाच्या पावसावर बी टाकले तर आवणीपर्यंत रोपास जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात ते जोमदार झाले पाहिजे. तेवढ्यात तण माजले तर ते निवडून काढण्यास उसंत नाही. शिवाय सह्याद्रीच्या पायथ्याची ही वरकस जमीन पावसाने धुपून गेलेली. तिच्या अंगी आपण होऊन फार कस नाही. अशा ठिकाणी कोणा एका काळी कोणा एका शेतकऱ्याच्या ध्यानात आले असेल की जेथे केरकचरा जळला तेथील रोप वेगळेच निघते. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याने लेख लिहिला नाही, व्याख्यान दिले नाही. शेजाऱ्याने पाहिले आणि शेजाऱ्याने केले, एवढाच त्या विद्येचा प्रसार.

आता वादाकडे वळू. सन १८७८ च्या सातव्या कायद्याने हिंदुस्थानातील जंगलांवर सरकारची पकड आवळली गेली. हा कायदा होण्यापूर्वीच पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच्या मसुद्यास हरकत घेतली होती. ठाणे जिल्ह्यात रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, राखीव जंगले जाहीर झाली, आणि ज्या झाडांचे टहाळ कुणबी पिढ्यान्‌पिढ्या राबाकरिता उतरवीत आला होता, त्या झाडांस हात लावणे हा गुन्हा ठरू लागला. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या मनात राबाविषयी एक मत पक्के झाले होते, ते असे की हा आडाणी लोकांचा अविचार आहे. जे शेण जमिनीत घालावयाचे ते हे लोक जाळून टाकतात, आणि जे झाड वाढू द्यावयाचे त्याचे हातपाय तोडतात. इतर प्रांतांत राबावाचून भात पिकतेच ना, असा त्यांचा सवाल असे.

या मतात काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. वारंवार टहाळ उतरविल्याने ऐनाचे झाड खुरटते, हे कोणासही दिसते. परंतु रानाच्या नाशाचा सारा भार कुणब्याच्या कोयत्यावर घालणे हा मात्र शुद्ध अन्याय होता. आगगाडी १८५५ साली वाशिंदपर्यंत आली, १८६१ साली कसाऱ्यास पोहोचली, आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस गेली. रुळांखालील लाकूड, पुलांचे लाकूड, आणि दिवसेंदिवस फुगत चाललेल्या मुंबई शहरास लागणारे जळण व कोळसा, ही सर्व मागणी जवळच्या डोंगरांनीच पुरी केली. कंत्राटदाराची कुऱ्हाड मुळावर पडत होती आणि कुणब्याचा कोयता फांदीवर. तथापि फांदीचा आवाज कचेरीत लवकर ऐकू गेला, कारण तो तोडणारा मनुष्य गरीब होता.

लोकांत असंतोष माजला, अर्जांवर अर्ज गेले, वर्तमानपत्रांत लेख आले, आणि अखेर १८८५ मध्ये मुंबई सरकारने जंगल कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर पडला. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील तक्रारी हेच त्याचे मुख्य काम होते, आणि राबाचा प्रश्न त्यात अग्रभागी होता. अशा चौकशीत शेतकऱ्याची पंचाईत कोठे होते, हे आमच्यापैकी ज्यास ज्यास कधी साहेबापुढे उभे राहावे लागले आहे तो जाणतोच. त्यास विचारतात, राबाने रोप चांगले येते ते का? तो म्हणतो, येते खरे. पुन्हा विचारतात, पण कारण काय? तो म्हणतो, जमीन भाजली पाहिजे, महाराज. यावर लिहून घेणारा लिहितो की साक्षीदारास कारण सांगता येत नाही. वास्तविक ‘जमीन भाजली पाहिजे’ हेच कारण होते. ते त्याने दोन शब्दांत सांगून टाकले होते. लेखनिकाच्या कानास ते कारण वाटले नाही, एवढेच.

पुढे विलायतेहून एक वेगळ्या वृत्तीचा मनुष्य आला. डॉक्टर जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्री. १८८९ च्या अखेरीस ते येथे आले आणि वर्षाहून अधिक काळ प्रांतोप्रांती हिंडले. हिंदुस्थानच्या शेतीची सुधारणा कशी करावी हे सांगण्याकरिता त्यांस बोलाविले होते. म्हणजे शिकविण्याचा पूर्ण अधिकार घेऊनच ते आले होते. तथापि १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालाच्या आरंभीच त्यांनी लिहून टाकले की येथील शेतकरी मागासलेला आहे ही समजूत चुकीची असून, उत्तम शेतकरी विलायतच्या साधारण शेतकऱ्याच्या बरोबरीचा, किंबहुना काही गोष्टींत सरस आहे. त्याची उणीव ज्ञानाची नसून साधनांची आहे. शेणाच्या गोवऱ्या जाळण्याविषयीही त्यांनी ठरीव शिव्याशाप न देता, लोक शेण जाळतात ते जळण मिळत नाही म्हणून, सबब गावोगाव जळणाची व चाऱ्याची राने राखा, अशी उलट सरकारासच सूचना केली. ऐकण्याने काय होते याचा हा मासला आहे. ज्याने प्रश्न विचारला त्यास दोष शेतकऱ्यात दिसला नाही, व्यवस्थेत दिसला.

परंतु राबाचे कोडे खऱ्या अर्थाने सुटले ते १९१२ साली. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉक्टर हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी न. वि. जोशी व न. वि. कानिटकर या तिघांनी पश्चिम हिंदुस्थानातील राबाच्या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. हिंदुस्थान सरकारच्या शेतकी खात्याच्या रसायनविषयक पुस्तकमालेत तो छापलेला आहे. ज्या प्रश्नावर तीस वर्षे आरडाओरड झाली, तो प्रश्न या तिघांनी आवाज न चढविता हाती घेतला. राबात दोन गोष्टी घडतात, राख पडते व जमीन तापते. मग फायदा राखेचा की धगीचा? ही फोड त्यांनी प्रयोगाने करून पाहिली. नुसती राख घातल्याने राबाचे सगळे फळ पदरी पडत नाही, जमीन तापणे हाच त्यातील मोठा भाग आहे, असे त्यांच्या कामातून निष्पन्न झाले. राखेचा गुण आहेच. पोटॅश व इतर क्षार त्यातून मिळतात. परंतु तापलेल्या जमिनीत रोपास लागणारे अन्न अधिक सुटे होते आणि रोपाची वाढ त्यामुळे झपाट्याने होते.

आणि हे सारे नेमके कोणत्या काळात चालले होते पाहा. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये असे दाखविले होते की जमीन तापविली असता तिच्यातील सूक्ष्म जीवांची सारी घडी बदलते, आणि काही काळाने तिच्यात अमोनियाच्या रूपाने नत्र साठू लागतो. त्या काळी हा शोध अगदी नवा मानला जात होता. तोच परिणाम किन्हवलीचा किंवा धसईचा कुणबी दर वैशाखात कोयता, पेंढी आणि विस्तव एवढ्या साहित्यावर घडवून आणीत होता. तणाचे बी मरते हा फायदा तर त्यास तोंडपाठच होता. वाऱ्याच्या तोंडावर विस्तव लावण्याची आणि वर माती पसरण्याची युक्ती ही धग खाली उतरविण्याचीच युक्ती होती, म्हणजे प्रयोगशाळेस जो भाग मुख्य वाटला तोच भाग शेतकऱ्याच्या हातालाही मुख्य वाटत आला होता.

येथे आमच्या एका शंकेखोर वाचकाचा प्रश्न आम्हांस ऐकू येतो. तो म्हणेल, शेतकऱ्याचे खरे ठरले ते दैवयोगाने. त्यास कारण ठाऊक नव्हते, मग त्यास शहाणपण का म्हणावे? आमचे उत्तर असे की कारणाची भाषा व कारणाची पारख या दोन गोष्टी निराळ्या आहेत. सुइणीस वैद्यकाची परिभाषा येत नाही म्हणून तिची बोटे खोटी ठरत नाहीत. डॉक्टर मॅन यांचे मोठेपण यात की त्यांनी शेतकऱ्याची पद्धत हे उत्तर मानले आणि त्या उत्तराचा प्रश्न शोधून काढला. पुसा येथे १९०५ पासून काम केलेले सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीही पुढे उघडपणे लिहून ठेवले की त्यांचे खरे गुरू म्हणजे येथील शेतकरी आणि पिकांवर पडणारी कीड. विलायतची पदवी घेऊन आलेल्या माणसाने असे म्हणावयास धैर्य लागते. आमच्या तालुक्यांतील किती पदवीधरांस ते आहे, हा प्रश्न आम्ही येथेच सोडून देतो.

तथापि गप्प बसणे म्हणजेच शहाणपण, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मुकाट मनुष्य पुष्कळ वेळा आळशी असतो, काही वेळा लबाडही असतो. उलटपक्षी, ज्यांनी आवाज चढविला त्यांपैकी काही जण शंभर हिश्शांनी बरोबर होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्याचे काय केले ते इतक्या कडक शब्दांत मांडले की आजही वाचताना अंगावर काटा यावा. त्यांनी सौम्यपणे लिहिले असते तर कोणी ऐकले असते, असे आम्हांस वाटत नाही. तेव्हा आमचा रोख आवाजाच्या चढउतारावर नाही. ज्यास ठाऊक नाही त्याच्या हाती हुकूम असावा, आणि त्याने केवळ हुकूम हाती आहे म्हणून विचारण्याचे सोडून द्यावे, यावर आमचा रोख आहे.

दुसरी एक गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती आमच्या खातेदार बंधूंस कदाचित रुचणार नाही. आपल्या भागातील पुष्कळशी शांतता ही शहाणपणाची नसून भीतीची आहे. १९३० नंतरच्या दशकात शहापूर तालुका सरकारी दप्तरात अंशतः वगळलेल्या प्रदेशांत मोडत असे; तेथील व डहाणू-मोखाड्याकडील आदिवासी लोकांच्या स्थितीची सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास चौकशी केली, तेव्हा वेठीचे व कर्जापायी पिढीजात राबणुकीचे जे चित्र त्याने काढले ते काही साहेबलोकांनी उभे केलेले नव्हते. तेथे जमीनदार व सावकार आपल्यांतलेच होते. जंगलखात्याचा शिपाई कुणब्यावर जसा ओरडत होता, तसाच कुणबी खातेदार बांधावर उभा राहून ठाकरावर आणि कातकऱ्यावर ओरडत होता. आणि दोघांच्या ओरडण्यात ज्ञानाचा भाग सारखाच होता. वेठ गेली, कायदे झाले. पण बांधावरून ओरडण्याची सवय सगळी गेली असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आवणीच्या दिवसांत हे नीट पाहावे. चिखलात वाकलेल्या बायांस रोप किती जून झाले आहे, मूठ किती जाड बांधावी, कोणत्या खाचरात एका ठिकाणी किती काड्या लावाव्यात, हे हाताच्या स्पर्शाने कळते. एखादी बाई म्हणते, ‘दादा, या कोपऱ्यात पाणी निवळू द्या, उद्या लावू.’ मालक म्हणतो, ‘तुला काय कळते, मजुरी कोण देतो?’ रोप तेथे लागते, आणि रात्रीच्या सरीत वाहून जाते किंवा कुजते. नुकसान मालकाचे होते; परंतु आपले नुकसान आपल्या आवाजामुळे झाले हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण तेवढ्यात तो पावसाला शिव्या देण्यात गुंतलेला असतो. मुरबाडच्या म्हसे येथे पौषी पौर्णिमेस भरणाऱ्या जत्रेतील गुरांच्या बाजारात आमचा हाच खातेदार फार निराळा वागतो, हे नवल आहे. तेथे मोठ्याने बैलाचे गुण गाणाऱ्या विकणाऱ्यापासून तो चार हात दूर राहतो, आणि बैलाच्या खुरांकडे व दातांकडे बघत न बोलता उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागे मागे जातो. बाजारात ज्यास ही पारख आहे, त्याच्या अंगातून ती बांधावर आल्याबरोबर कोठे नाहीशी होते, कोण जाणे.

हुकमी शेतीचा नमुना अगदी जुन्याच काळातला आहे असेही नाही. १९६५-६६ च्या सुमारास देशात धान्याची मोठी टंचाई होती, तेव्हा तायचुंग नेटिव्ह-१ हे बुटके भात मोठ्या गाजावाजाने आले. खत पचविण्याचा व न लोळण्याचा त्याचा गुण खरा होता, त्या काळी धान्याची गरजही खरी होती. परंतु ते पानांवरील करप्यास लवकर बळी पडे, आणि त्याचा पेंढा आखूड. ज्या भागात पेंढा म्हणजे गुरांचे वर्षाचे अन्न आणि घरच्या शाकारणीचे साहित्य, तेथील माणूस आधी पेंढ्याविषयीच विचारणार. त्याच्या या प्रश्नास त्या काळी सुधारणेचा विरोध असे नाव मिळाले. पुढे १९६८ मध्ये ‘जया’ आले. ते कोकणपट्टीत टिकले, आणि टिकले ते कोणाच्या हुकमाने नव्हे. शेजाऱ्याच्या खाचरात पाहून लोकांनी ते घेतले. नवे बियाणे वाईट आणि जुने चांगले असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जे पाहून घेतले जाते ते राहते, एवढेच आमच्या अनुभवास आले आहे.

हळवे, निमगरवे आणि गरवे ही आपली जुनी विभागणी याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उंचवट्याच्या खाचरात पाणी लवकर ओसरते, तेथे हळवे. खोलगट व पाझराच्या जागी दिवाळीनंतरही ओल राहते, तेथे गरवे. एकाच मनुष्याच्या पाच खाचरांत तीन जातींची भाते आढळतात, ती हौस म्हणून नव्हे. हस्ताचा पाऊस दगा देईल तर हळवे हाती लागावे, आणि पाऊस लांबला तर गरव्याने भरपाई करावी, असा तो विम्याचा हिशेब आहे. आता एखादा विक्रेता, किंवा मोबाइलवरील चित्रफितीत हातवारे करणारा एखादा तज्ज्ञ, ‘सर्व जमिनीस एकच बियाणे’ म्हणून सांगतो, तेव्हा त्याने आपल्या खाचरांचा उंचसखलपणा पाहिलेला नसतो. त्याचा आवाज मात्र डोळखांबपासून टोकावड्यापर्यंत सारखाच पोहोचतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण करणाऱ्याने बहुधा उन्हाळ्यातील काळू नदी पाहिली असावी.

मग राबाचे काय करावे, असे आमचे वाचक विचारतील, आणि त्यांचा तो हक्क आहे. आमचे मत स्पष्ट आहे. राब ज्या काळी शहाणपणाचा होता तो काळ बराचसा सरला आहे. गोठ्यातील गुरे कमी झाली, सबब शेण कमी झाले. टहाळ तोडण्यास व वाहून आणण्यास माणूस मिळत नाही. झाडे विरळ झाली. राबाचा विस्तव आवरला नाही तर वणवा डोंगरावर चढतो आणि उभे रान, त्यातील पाखरांची घरटी व कोवळी रोपे जाळून टाकतो. हे दुःख अलीकडे दर उन्हाळ्यात आपण पाहतो. शिवाय जो पालापाचोळा व जे शेण आपण जाळतो त्यातील नत्राचा बराच भाग धुरावाटे निघून जातो, ही जुन्या साहेबांची तक्रार तेवढ्यापुरती खरीच होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने गादीवाफ्यावर रोप करण्याची रीत सांगितली आहे. त्यात पाण्याचा निचरा होतो, खत मोजून देता येते, आणि तण काढण्यास वाफ्यांच्या मधून जाता येते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र या नावाने नांगरट व चिखलणी टाळून गादीवाफ्यावरच भात घेण्याची पद्धत बसविली आहे. ती आमच्या तालुक्यांतील काही जण करून पाहत आहेत. ही पद्धत शेतकऱ्याच्याच शेतावर शेतकऱ्यानेच बसविलेली आहे, आणि आमच्या मते तिचे मोल याचमुळे अधिक आहे.

परंतु राब सोडावयाचा तर तो का चालत होता हे समजून सोडावा. धगीने जे तण मरत होते ते आता कशाने मरणार, याचे उत्तर हाती असल्यावाचून राब बंद करणारा मनुष्य आषाढात रोपापेक्षा तणच अधिक उपटीत बसेल. ज्याच्या जमिनीत पाणी तुंबते त्याने वाफ्याची उंची किती ठेवावी, मुरमाड वरकसात शेणखत किती लागेल, हे शहापूरच्या पूर्व अंगास एक आणि मुरबाडच्या पश्चिम अंगास दुसरे असू शकेल. वरून आलेल्या एका छापील पत्रकाने दोघांचे समाधान होणार नाही. नागली व वरीकरिता डोंगरउतारावर जो राब भाजतात त्याचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. त्यास गादीवाफ्याचे उत्तर जसेच्या तसे लागू करणे म्हणजे पुन्हा तीच जुनी चूक करणे होय. त्याविषयी ठाकूर व महादेव कोळी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष विचारून मगच लिहावे, असा आमचा विचार आहे.

तेव्हा येत्या हंगामापुरती आमची सूचना अशी आहे. संस्थेच्या प्रत्येक सभासदाने रोपाच्या जागेचे शेजारी-शेजारी दोन समान भाग पाडावे, प्रत्येकी एक गुंठ्याचे झाले तरी चालेल. एकावर नेहमीचा राब भाजावा, आणि तो भाजण्याचे काम गावातील जाणत्या म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली करावे. दुसऱ्यावर कुजलेले शेणखत घालून गादीवाफा करावा. दोन्हींत एकच बी, एकाच दिवशी, मोजून टाकावे. उगवण केव्हा झाली, तण किती वेळा काढावे लागले व त्यास किती माणसे लागली, आवणीच्या दिवशी रोपाची उंची किती भरली, आणि आवणी करणाऱ्या बायांनी कोणते रोप उपटण्यास सोपे व लावण्यास बरे म्हटले, हे सर्व लिहून ठेवावे. शेवटचा रकाना भरताना बायांचे बोल त्यांच्याच शब्दांत घ्यावेत, आपले शब्द त्यात घालू नयेत. पुढे कापणीच्या वेळी दोन्ही रोपांच्या खाचरांतील प्रत्येकी एका गुंठ्याचे भात निरनिराळे झोडून त्याचे वजन करावे, आणि पेंढ्याचेही करावे.

तालुक्याच्या सभेत या वेळी व्यासपीठावर खुर्च्या न मांडता सर्वांनी जाजमावर बसावे, ध्वनिवर्धक लावू नये, आणि ज्यांनी राब रचला त्यांनी आधी बोलावे, असे संस्थेच्या चालकांस आम्ही सुचविले आहे. नोंदी मार्गशीर्ष अखेरपर्यंत आमच्याकडे पोहोचल्यास पौषाच्या अंकात गावाच्या नावासह त्या छापू. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी शाळेतील मुलाकडून लिहवून पाठविल्या तरी त्यांचा आम्ही तितक्याच आदराने स्वीकार करू.